परक्या देशात सेवेला निघालेल्या लेकीसाठी



या आठवड्यात एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या स्वतः महापालिकेत सफाईच्या कामावर आहेत, यजमान रिक्षा चालवतात. थोरली मुलगी एम.एस.डब्ल्यू. झाली. आता ती म्हणते, मला कंबोडियाला जायचे आहे. तिथे खेड्यातल्या गरीब कुटुंबांसाठी काम करणारी एक लहानशी संस्था आहे. चार आठवडे राहायचे, सकाळी अनाथाश्रमातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचे, दुपारी गरिबांची घरे बांधायला हात लावायचा. विमानाचे भाडे आपले, आणि वर एजंटामार्फत फी भरायची ती वेगळी. त्या माउली लिहितात, "पतपेढीतून कर्ज काढून पोरीला पाठवावे काय? काम चांगले आहे म्हणून नको म्हणवत नाही, आणि मन हो सुद्धा म्हणत नाही."

हा प्रश्न आता एकाच घराचा राहिलेला नाही. आपली मुले-मुली शिकली, त्यांच्या हातात पासपोर्ट आले, जग त्यांना बोलावू लागले. आजवर सगळ्यांनी आपली मोजदाद मदत घेणारे म्हणूनच केली. ज्या मुलीच्या आजीने दुसऱ्याच्या शेतात खुरपणी करून पोरे वाढवली, ती मुलगी आज दुसऱ्या देशातल्या गरिबाला मदत द्यायला निघते, याचा आनंद आणि अभिमान वाटलाच पाहिजे. म्हणून मी त्या माउलीला सुरुवातीलाच सांगते, मुलीच्या इच्छेला नावे ठेवू नका. इच्छा सोन्यासारखी आहे. पण सोने घेतानासुद्धा आपण कसोटीवर घासूनच घेतो ना? मग ही संस्थाही घासून पाहू.

प्रथम तो देश समजून घ्या. कंबोडिया म्हणजे अंगकोर वटचा देश. त्या मंदिराच्या डागडुजीचे काम 1986 ते 1993 या काळात भारताच्या पुरातत्त्व खात्याच्या माणसांनी केले होते. तिथली बहुसंख्य जनता बौद्ध आहे. गावोगावी विहार आहे, त्याला ते लोक वट म्हणतात. लोक भात आणि मासळी खाणारे. पुष्कळ ठिकाणी पावसावरचे एकच पीक. घर लाकडी खांबांवर उंच उभारलेले, खाली गुरे, झोळी आणि पावसाचे पाणी साठवायचे मोठमोठे रांजण. उन्हाळ्यात ताडावर चढून रस काढायचा आणि त्याचा गूळ करायचा. वर्णन ऐकून आपल्या कोकणातल्या माणसाला ते गाव परके वाटणार नाही.

या देशावर 1975 साली मोठे संकट कोसळले. एप्रिल 1975 ते जानेवारी 1979 या पावणेचार वर्षांत पोल पॉटच्या ख्मेर रूज राजवटीने शहरे रिकामी केली आणि माणसांना शेतावर वेठीला जुंपले. उपासमार, रोगराई आणि कत्तल यांत 17 ते 20 लाख माणसे मेली. म्हणजे देशातल्या दर चार माणसांमागे जवळजवळ एक. भिक्षूंची चीवरे उतरवली गेली, विहारांची कोठारे आणि तुरुंग झाले. आणि या राजवटीने आणखी एक गोष्ट केली. मुलांना आईबापांपासून तोडले आणि त्यांच्या वेगळ्या टोळ्या करून त्यांना कामाला लावले. घर ही गोष्टच मोडून टाकायची, असा त्यांचा बेत होता.

त्यानंतर देशात खरोखरच हजारो मुले निराधार होती. तेव्हा अनाथाश्रम निघाले ते गरजेपोटीच. पण पुढे काय झाले ते नीट ऐका. 1991 साली पॅरिसमध्ये तह झाला, हळूहळू शांतता आली. त्या काळातली अनाथ मुले मोठी झाली, त्यांचे संसार झाले. आता अनाथाश्रम कमी व्हायला हवे होते, नाही काय? झाले उलटेच. 2005 ते 2010 या पाच वर्षांत तिथले अनाथाश्रम 153 वरून 269 वर गेले. युनिसेफच्या 2011 च्या अहवालात असेही आढळले, की या संस्थांमधल्या दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांची आई किंवा वडील, निदान एक तरी, जिवंत होते.

मग आईबाप जिवंत असताना ही पोरे अनाथाश्रमात आली कशी? याचे उत्तर पोटात आहे, आणि थोडे आपल्यासारख्या सद्भावनेच्या माणसांतही आहे. त्याच पाच वर्षांत कंबोडियात येणारे परदेशी प्रवासी सुमारे 14 लाखांवरून 25 लाखांवर गेले. मंदिरे पाहून झाली की त्यांना गरीब मुले भेटायला हवी असतात. डोळे भरून येतात, खिशात हात जातो. मुलांना शिकवायला म्हणून पंधरा दिवस राहणारा पाहुणा फी भरतो. जिथे मुलांमागे पैसा येतो, तिथे मुले आणणारी माणसेही तयार होतात. खेड्यात जाऊन ते बाईला सांगतात, तुझ्या पोराला तीन वेळा जेवण मिळेल, इंग्रजी शिकेल, मोठा माणूस होईल. जिच्या कणगीत दोन महिन्यांचे भात उरले आहे, ती आई काय करील? ती काळजावर दगड ठेवून पोराला पाठवते. ती पोराला टाकून देत नाही, त्याच्या भल्यासाठीच पाठवते. आणि तिकडे त्या पोराला अनाथ म्हणून पाहुण्यांपुढे नाचायला उभे करतात.

त्या मुलाच्या मनाचा विचार करा. आज एक ताई आली, तिने कडेवर घेतले, गाणे शिकवले, पंधरा दिवसांनी डोळे पुसत निघून गेली. दुसऱ्या दिवशी नवा दादा आला. तोही गेला. वर्षात अशी वीस-पंचवीस माणसे येऊन जातात. मूल प्रत्येकाला लळा लावते आणि प्रत्येक वेळी तुटते. पुढे पुढे ते कोणाच्याही गळ्यात पडते, आणि पाहुण्याला वाटते, किती प्रेमळ मूल! ज्या आईने लेकरे वाढवली आहेत तिला ठाऊक असते, की नीट वाढलेले लहान मूल परक्याला पाहून आधी आईच्या पदरामागे लपते. लपायला पदरच नसला तर ते काय करणार?

इथे आपल्यापैकी कोणी म्हणेल, ताई, आमची मुलेही बोर्डिंगात राहूनच शिकली, ते काय वाईट झाले? हा प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी स्वतः 1925 साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सोलापूरला वसतिगृह काढले होते. वसतिगृह नसते तर आपल्या कित्येक घरांत पहिला मॅट्रिक झालाच नसता. पण वसतिगृह आणि असा अनाथाश्रम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वसतिगृहातला मुलगा शाळेसाठी घरापासून दूर राहत होता. दिवाळीला आणि मे महिन्यात तो घरी येत होता. बाप डोक्यावर ज्वारीचे गाठोडे घेऊन त्याला भेटायला जात होता. रजिस्टरवर बापाचे नाव होते. त्या मुलाला कोणी अनाथ म्हणाले नाही, की पाहुण्यांपुढे उभे करून त्याच्या नावाने पैसे मागितले नाहीत. वसतिगृहाने मुलाला शिकवून घराला परत दिले. या आश्रमांनी जिवंत आईबाप असलेल्या मुलाला अनाथ करून ठेवले. तोलायचे ते इथे.

ही गोष्ट आता जगानेही मान्य केली आहे. कंबोडियातल्याच फ्रेंड्स-इंटरनॅशनल या संस्थेने 2011 साली मोहीम काढून प्रवाशांना बजावले, की मुले म्हणजे पाहायची ठिकाणे नव्हेत. कंबोडियाच्या सरकारने युनिसेफच्या मदतीने मुलांना संस्थांतून काढून घरी, नातेवाइकांकडे पोहोचवण्याचे काम हाती घेतले. ऑस्ट्रेलियाने 2018 साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, त्या वेळी पैशासाठी मुलांना अनाथाश्रमात भरती करणे हा गुलामगिरीचाच प्रकार मानला गेला. डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही ठराव करून अनाथाश्रमांतल्या प्रवासी-स्वयंसेवकांमुळे होणाऱ्या नुकसानीबद्दल इशारा दिला. म्हणून त्या माउलीला माझा स्पष्ट सल्ला आहे. मुलीच्या चार आठवड्यांतले सकाळचे काम, म्हणजे अनाथाश्रमातले, आजच नको म्हणा. यात दुसरा विचार करायची जरूर नाही.

आता दुपारचे काम पाहू, घरे बांधण्याचे. आपल्या वाचकांत गवंडी आहेत, बिगारी आहेत, सेंट्रिंगवाले आहेत. त्यांनाच विचारा, कधी थापी न धरलेल्या पोरीने पहिल्या दिवशी रचलेली भिंत ओळंब्यात येईल काय? ती भिंत पुन्हा कोणीतरी सरळ करणार. आणि त्याच गावात हात रिकामे ठेवून बसलेला गवंडी असतो. कंबोडियाच्या खेड्यांतून कामाच्या शोधात लाखो माणसे थायलंडला जात आली आहेत. मुले आजीजवळ ठेवून आईबाप दोघेही जातात. 2025 च्या जुलैमध्ये दोन देशांच्या सीमेवर लढाई पेटली, तेव्हा लाखो मजूर एकदम गावी परतले. अशा गावात परदेशी पाहुण्याने फी भरून विटा उचलायच्या आणि गावच्या माणसाने ते बघत राहायचे, याला मदत म्हणता येईल काय? मजुराच्या हातचे काम काढून त्यालाच घर दान देणे, हे कष्टकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला तरी पटू नये.

पाण्याचेही तसेच आहे. विहीर किंवा हातपंप देणे हे पाहुण्यांचे आवडते दान. पंपाजवळ देणाऱ्याच्या नावाची पाटी लागते, फोटो निघतो. पण मेकाँग नदीच्या काठच्या कंदाल, प्रे वेंग अशा प्रांतांत जमिनीखालच्या पाण्यात आर्सेनिक नावाचे विष सापडले आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. वर्षानुवर्षे पोटात गेले की कातडीवर डाग आणि गाठी येतात, पुढे कर्करोगही होतो. म्हणून तिथे पाणी तपासल्याशिवाय पंप बसवणे म्हणजे पुण्य समजून विष पाजणे. चांगली संस्था आधी पाणी तपासते आणि मग पंप बसवते. पंपाचा वायसर झिजला तर तो कोण बदलणार, हे ती गावाशी आधी ठरवते. ज्यांना हे ठरवायचे नाही, त्यांचे पंप दोन-चार वर्षांत गंजून उभे राहतात आणि पाटी तेवढी चकाकत असते.

मग चांगले काम असते तरी कसे? तेही सांगते, कारण सगळ्याच लहान संस्था खोट्या नाहीत. लहान असण्यात एक गुण असतो. तिला घरे नावानिशी ठाऊक असतात.

कंबोडियात सरकारची एक पद्धत आहे, आपल्या दारिद्र्यरेषेच्या यादीसारखी. गावकरी स्वतःच आपल्यातून माणसे निवडतात, ती घरोघर जाऊन विचारपूस करतात. मग कोण अतिगरीब आणि कोण गरीब याची यादी गावात सर्वांसमोर लावली जाते. चूक असेल तर हरकत घेता येते. यादीतल्या घराला कार्ड मिळते, आणि त्या कार्डावर सरकारी दवाखान्यात मोफत उपचार होतात. कोरोनाच्या काळात, जून 2020 पासून, याच कार्डांवर गरीब घरांना रोख मदत मिळू लागली. शहाणी संस्था या यादीपासून सुरुवात करते. एखाद्या विधवेला कार्ड मिळाले नसेल तर ते मिळवून देण्यासाठी तिच्याबरोबर कचेरीत जाते. एका संस्थेचे दान आज आहे, उद्या नाही. हक्काचे कार्ड राहते. हा फरक आपल्या लोकांना वेगळा समजावून सांगायला नको.

त्यानंतर घर पाहून मदत. एका घरी छप्पर गळते, तिथे पत्रे आणि गावच्याच सुताराची मजुरी. दुसऱ्या घरची मुलगी सहावीनंतर शाळा सोडणार, कारण पुढची शाळा आठ-दहा किलोमीटरवर आहे. तिथे एक सायकल. तिसऱ्या घरी पोरांना सारखे जुलाब, तिथे वाळूचा गाळणा.

हा गाळणा समजून घेण्यासारखा आहे. 1990 च्या सुमारास कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठातले डॉ. डेव्हिड मांझ यांनी तो तयार केला. कंबोडियात हजारो घरांत तो पोहोचला आहे. सिमेंटची कमरेएवढी उभी पेटी. तळाला खडी, त्यावर बारीक खडी, त्यावर धुतलेली वाळू. वरून पाणी ओतायचे, बाजूच्या नळीतून गाळलेले बाहेर येते. वाळूच्या वर नेहमी सुमारे 5 सेंटिमीटर पाणी राहील अशी नळीची उंची ठेवतात. दोन-तीन आठवड्यांत वाळूच्या वरच्या थरात जिवाणूंचा एक पापुद्रा तयार होतो, आणि तोच रोगजंतूंचा फडशा पाडतो. वीज नको, औषध नको. साचा एकदा दिला की गावातली माणसे स्वतः पेट्या ओततात. मात्र साधा वाळूचा गाळणा आर्सेनिक काढत नाही, आणि त्यात रोज पाणी घातले नाही तर पापुद्रा मरतो. म्हणजे गाळणा देऊन भागत नाही. घरच्या बाईला तो चालवता आला पाहिजे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी येऊन विचारले पाहिजे, बाई, पाणी नीट येते का? हे विचारणारे माणूस त्याच गावचे, त्याच भाषेचे असेल तरच काम टिकते.

आणखी एक दुखणे आहे कर्जाचे. कंबोडियात लहान कर्जे देणाऱ्या वित्तसंस्था फार वाढल्या. जमिनीचे कागद ठेवून घ्यायचे आणि कर्ज द्यायचे. आजारपणासाठी किंवा खतासाठी घेतलेले कर्ज फेडता न आल्याने माणसांनी जमिनी विकल्या, मुलांना शाळेतून काढून कामाला लावले, अशी प्रकरणे तिथल्या लिकाडो या मानवी हक्क संघटनेने 2019 च्या अहवालात मांडली. सावकाराचा कागद काय असतो ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ज्या संस्था बायकांचे बचत गट करतात, हिशेब ठेवायला शिकवतात, त्या मला जास्त मोलाच्या वाटतात. त्यात फोटो काढण्यासारखे काही नसते. पण त्यामुळे घर आपल्या पायावर उभे राहते, आणि मूल घरातच राहते.

या सगळ्यात आपल्या मुलीची जागा कोठे? खरे बोलायचे तर चार आठवड्यांत ती थोडेच देऊ शकेल. तिला ख्मेर भाषा येत नाही. पण काहीच करता येणार नाही असे नाही. तिने एम.एस.डब्ल्यू. केले आहे. घरभेट कशी घ्यायची, नोंद कशी ठेवायची, बचत गटाचे पुस्तक कसे लिहायचे, हे तिला येते. ते तिने तिथल्या कार्यकर्त्यांना शिकवावे आणि त्यांच्याकडून त्यांचे शिकावे. काम लोकांसमोर त्यांनीच करावे, तिने मागे बसून मदत करावी. नर्सिंग झालेल्या मुलीनेही हेच धोरण ठेवावे. आपल्या देशात जे करायची परवानगी नाही ते परदेशात गरिबाच्या अंगावर करून पाहू नये. गरीब माणूस म्हणजे हात साफ करायची जागा नव्हे. आपल्या सरकारी दवाखान्यांत शिकाऊ हातांखाली आपलीच माणसे पुष्कळ सोसत आली आहेत. ते दुसऱ्याच्या वाट्याला आपल्या हातून येऊ नये.

मुलीने पैसे भरण्याआधी संस्थेला पत्र लिहून हे विचारावे. संस्थेचे निर्णय कोण घेते, आणि त्यांत त्या गावची, त्या देशातली माणसे किती? सरकारदरबारी नोंदणी आहे काय? माझ्या फीमधले एजंटाला किती, राहण्या-जेवणाला किती आणि गावातल्या कुटुंबाला किती? तीन वर्षांपूर्वी तुम्ही दिलेली घरे, पंप, सायकली आज कोणत्या स्थितीत आहेत? मुलांसाठी काम करत असाल तर गेल्या वर्षी किती मुले आईबापांकडे परत गेली? आणि शेवटचा प्रश्न, तुम्हाला माझी चौकशी करायची आहे की नाही?

या शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्या. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, शिक्षणाचे कागद, दोन जबाबदार माणसांची ओळख, हे चांगली संस्था मागतेच. पोलीस क्लिअरन्सचा दाखला आपल्याकडे पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. जी संस्था फक्त फी मागते आणि तुमच्या मुलीला काही न विचारता लहान मुलांत सोडते, ती कोणालाही सोडत असणार. आज तुमची सालस मुलगी, उद्या एखादा नराधम. तिथले दार किती उघडे आहे, ते यावरून ओळखावे.

आता मुलीच्या सुरक्षिततेबद्दल. हे मात्र घरातल्या सगळ्यांनी वाचावे, मुलग्यांनी तर अवश्य. गेल्या काही वर्षांत कंबोडियात नोकरी देतो म्हणून आपल्या देशातल्या कित्येक तरुणांना नेले गेले, आणि तिथे पासपोर्ट काढून घेऊन, कोंडून ठेवून त्यांच्याकडून संगणकावर लोकांना फसवण्याची कामे करून घेतली गेली. मार्च 2024 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले, की तोवर सुमारे 250 भारतीयांना तिथून सोडवून परत आणले होते. तेव्हा सेवा म्हणा की नोकरी म्हणा, ज्या एजंटाला तुम्ही कधी पाहिले नाही त्याच्या शब्दावर कोणी विमानात बसू नये. नोकरीसाठी जायचे तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदवलेला आहे की नाही ते आधी पाहावे. पर्यटक व्हिसावर काम करायला कोणी सांगत असेल तर तिथेच थांबावे. पासपोर्ट कोणाच्याही हाती देऊन ठेवू नये. परतीचे तिकीट आधी काढलेले असावे. नॉम पेन्ह इथल्या भारतीय दूतावासाचा पत्ता आणि फोन मुलीजवळ असावा आणि घरच्या भिंतीवरही लावलेला असावा. आणि संस्थेत पूर्वी राहून आलेल्या निदान दोन माणसांशी मुलीने स्वतः बोलावे. संस्थेने छापलेल्या कौतुकावर विसंबू नये.

राहिला कर्जाचा प्रश्न. यावर माझे मत असे. चार आठवड्यांच्या सेवेसाठी पतपेढीचे कर्ज काढू नये. आई पहाटे चारला झाडू घेऊन निघते, तिच्या पगारातून दोन वर्षे हप्ते जाणार आणि त्यातला मोठा वाटा विमान कंपनीला नि एजंटाला मिळणार, हा व्यवहार त्या कंबोडियातल्या आईला सांगितला तर तीही म्हणेल, नको. गरिबाच्या घरी कर्ज करून दुसऱ्या गरिबाला मदत होत नसते. मुलीने दोन वर्षे नोकरी करावी, स्वतःचे पैसे साठवावेत. तोवर वरच्या प्रश्नांची उत्तरे देणारी संस्था शोधावी. आणि जायचेच तर चार आठवड्यांऐवजी सहा महिने-वर्षभर जावे, त्यांची भाषा शिकून जावे. किंवा संस्थाच जाण्यायेण्याचा खर्च करील अशी जागा मिळवावी. अशा जागा थोड्या असतात आणि त्यांना अनुभव लागतो. तो अनुभव आपल्याकडे मिळवता येतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दर हंगामात शाळा सोडून फडावर जातात. त्यांना गावातच आजीजवळ ठेवून शाळेत टिकवायचे म्हणजे काय, हे एका हंगामापुरते जरी तिने जवळून पाहिले, तरी कंबोडियातल्या थायलंडला गेलेल्या आईबापांची गोष्ट तिला दुभाष्याशिवाय कळेल.

सांगायचे तात्पर्य एवढेच. मदत करावी, दूरच्या माणसालाही करावी. माणुसकीला देशाची वेस नसते. पण मदतीची कसोटी एकच धरा. त्या मदतीने मूल आईच्या जवळ राहिले की दूर गेले? त्या घरातल्या माणसाच्या हाताला काम आले की हातचे गेले? आपण परत निघाल्यावर ते घर आपली वाट पाहत बसले की आपल्याला विसरून कामाला लागले? विसरले असेल तर समजा, मदत पोहोचली.

ज्या घरांत असा विचार चालू असेल त्यांनी मुलीला हे सदर वाचायला द्यावे, आणि मग तिचे म्हणणे रागावल्याशिवाय ऐकून घ्यावे. संस्थेकडून काय उत्तरे आली ते आम्हालाही कळवावे. इतर घरांना त्याचा उपयोग होईल.

जयभीम.